वाडीतील किडींचा घरगुती बंदोबस्त

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत धानाच्या शेताइतकेच घरामागील वाडीलाही महत्त्व आहे. पावसाळ्यात कुंपणाच्या आत वांगी, टमाटे, दोडके, काकडी, कोहळे आणि बरबटी, म्हणजेच चवळी, लावली जाते व कुटुंबाची बरीचशी भाजी तेथूनच निघते. वाडी घरास लागून असल्यामुळे तीतील किडींचा विचार शेतातील किडींहून निराळ्या दृष्टीने केला पाहिजे. येथील कोवळी काकडी मुले वेलीवरून तोडून तशीच खातात, कोंबड्या झाडांखाली चरतात आणि पावसाचे पाणी जवळच्या बोडीत उतरते. अशा जागी जहाल विषारी औषध वापरणे सर्वथा अनुचित होय. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

वाडी लहान असते, ही तिची सोय आहे. रोज सकाळी थोडा वेळ तीतून फेरी मारली, तर पुष्कळशा किडी हातानेच आटोक्यात ठेवता येतात.

वेलींवरील तांबडे भुंगेरे

काकडी, दोडका व कोहळा यांच्या वेली दोन-चार पानांच्या असताना हे भुंगेरे पानांची चाळण करतात. कारल्यावर मात्र त्यांचा उपद्रव क्वचितच होतो. पहाटे गारव्यामुळे भुंगेरे सुस्त असतात. त्या वेळी ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पानांवर दव असतानाच चुलीची चाळलेली राख भुरभुरावी. पाऊस पडून राख धुऊन गेल्यास ती पुन्हा टाकावी. या किडीच्या अळ्या मुळांजवळ जमिनीत राहतात. म्हणून वेली निघाल्यावर माती खणून उन्हात तापू द्यावी.

वांग्याचा शेंडा व फळ पोखरणारी अळी

एखादा शेंडा मान टाकून सुकलेला दिसला, की आत अळी आहे असे समजावे. एकदा ती फळात शिरली, म्हणजे वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून सुकलेला शेंडा थोडा खालून खुडावा व किडक्या फळांसह जाळून टाकावा. तो वाडीतच फेकल्यास खुडण्याचे श्रम व्यर्थ जातात. हंगाम संपल्यावर वांग्याच्या वाळलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी वाडीलगत रचून ठेवण्याची पद्धत घातक आहे, कारण त्यांतून निघालेले पतंग पुढील पिकावर अंडी घालतात.

मावा व त्याचा शत्रू

बरबटीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसताच फवारणीची घाई करू नये. प्रथम तेथे ढालकिडे आहेत काय, हे पाहावे. पाठीवर ठिपके असलेला हा गोल, चकचकीत किडा मावा खातो. त्याची काळपट, नारिंगी ठिपक्यांची अळीही मावाच खाते. परंतु तिचे रूप पाहून लोक तिलाच कीड समजून मारतात. वांग्याची पाने खरवडणारा ठिपक्यांचा भुंगेरा निराळा आहे. तो निस्तेज व बारीक लव असलेला असतो. तो अवश्य वेचून मारावा.

निंबोळीचा अर्क

एवढे करूनही कीड वाढल्यास निंबोळीचा अर्क वापरावा. १९६२ साली दिल्लीवर टोळधाड आली असता, भारतीय कृषी संशोधन संस्थेतील ज्या पिकांवर निंबोळीच्या गराचे पाणी शिंपडले होते, ती टोळांनी खाल्ली नाहीत. या अर्कामुळे कीड तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते व अळीला कात टाकता येत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी निराश होऊ नये.

वाळलेल्या निंबोळ्या कुटून अर्धा किलो चुरा घ्यावा व फडक्यात बांधून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी पुरचुंडी चांगली पिळावी, अर्क गाळून घ्यावा आणि त्यात पाणी घालून एकंदर १० लिटर करावे. शेवटी २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा. उन्हाने अर्काचा गुण कमी होतो. म्हणून त्याच दिवशी सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारणी करावी. भाजी धुऊनच वापरावी व फवारणीची भांडी बोडीत धुऊ नयेत.

वनस्पतीपासून केलेले प्रत्येक औषध निरुपद्रवी असते, असे मात्र मानू नये. तंबाखूचा काढा माणसालाही विषारी आहे. तो वाडीत वापरू नये.

वेळेवर संग्रह

निंबोळी हवी असते भर पावसाळ्यात. परंतु ती गोळा करण्याचा काळ पावसाच्या तोंडाशी येतो. मोह व तेंदूपान वेळेवर वेचणाऱ्या येथील कुटुंबांना संग्रहाची कला शिकविण्याची गरज नाही. त्याच हातांनी पिकलेल्या निंबोळ्याही वेचाव्यात, गर धुऊन काढावा, बिया सावलीत वाळवाव्यात आणि कापडी पिशवीत कोरड्या जागी टांगून ठेवाव्यात. झाडाखाली पडलेली ही निंबोळी तशीच कुजू दिली, तर पुढे दुकानातून विष विकत आणण्याची पाळी येते.