जुनं बिलिंग सॉफ्टवेअर बदलताय? आधी बघा, काउंटरवर कोण बसतंय

जुनं सॉफ्टवेअर बदलायचं म्हटलं की आपण दोनच गोष्टी विचारतो: किंमत किती आणि डेटा येईल का? तिसरा प्रश्न राहूनच जातो: नवी स्क्रीन कशी असावी? दुकानाचा वेग यावरच ठरतो.

समजा, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आता तुम्ही बघताय. बिलिंग व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये बनवलेलं आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये पूर्ण बंद केला, म्हणजे आज ना उद्या बदल करावाच लागणार. पण काउंटरवरचे काका माऊसला हात न लावता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बिल काढतात. हा वेग तुमची कमाई आहे, तो घालवू नका.

तुमच्यासमोर तीन पर्याय येतील.

१. कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होणारं: डेटा दुकानातच असेल तर नेट गेलं तरी बिल निघतं. प्रिंटर, वजनकाटा जोडणं सोपं जातं. पण घरून हिशोब बघणं अवघड, आणि बॅकअप तुम्हालाच सांभाळावा लागतो.

२. ब्राउझरमध्ये चालणारं: कुठूनही उघडतं, अपडेटची कटकट नाही. पण ऑफलाइनची सोय नसेल तर नेट गेलं की काम बंद. शिवाय ब्राउझरमध्ये काही बटणांची कामं आधीच ठरलेली असतात. सवयीने एफ५ दाबलं तर पान पुन्हा लोड होतं. वेगळी सोय केलेली नसेल तर अर्धं भरलेलं बिल गेलं!

३. मोबाईल अ‍ॅप: गोडाऊनमधला स्टॉक बघायला, उधारी वसुलीला उत्तम. पण ३० आयटमचं बिल मोबाईलवर टाईप करून बघा, बोटं दुखतील.

मग निवडायचं कसं? सगळ्यांना एकच स्क्रीन द्यायची गरज नाही. डेटा एकच ठेवा, स्क्रीन कामाप्रमाणे वेगळी मागा. काउंटरला कीबोर्डवर चालणारी, तुम्हाला रिपोर्टसाठी ब्राउझर, वसुलीच्या माणसाला मोबाईल. खर्च जास्त वाटला तर काउंटरची स्क्रीन आधी करा, बाकीच्या नंतर.

डेमो बघताना रंगांवर जाऊ नका. काकांना सोबत घ्या आणि तुमचंच एक खरं बिल त्यांना काढायला सांगा. घड्याळ लावा. एका बिलाला १० सेकंद जास्त लागले आणि दिवसाला १५० बिलं असली, तर रोजची २५ मिनिटं गेली. दिवाळीच्या गर्दीत हीच मिनिटं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात पाठवतात.

आणि एका रात्रीत सगळं बदलू नका. आधी एकाच काउंटरवर नवं सॉफ्टवेअर चालवा, त्याला बिल नंबरची वेगळी सिरीज द्या. जीएसटीमध्ये एकापेक्षा जास्त सिरीज चालतात, फक्त एका आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा यायला नको. रोज रात्री दोन्हीकडची विक्री आणि स्टॉक जुळवून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ: काउंटरजवळ एक तास बसा. कोणती बटणं सारखी दाबली जातात, ते वहीत लिहा. ती यादी हातात घेऊनच सॉफ्टवेअरवाल्याला भेटा.