घाटावरच्या परसात कोणतं झाड लावावं?

बुलढाण्यात घर बांधून झालं की मागच्या परसात काय लावायचं, हा विषय निघतोच. हल्ली मोठ्या शहरांतल्या फळांच्या दुकानांत लालचुटूक नेक्टरिन दिसतं. ते घरी आणून खाल्लेली माणसं मला विचारतात, याचं एखादं झाड लावू का? परसातली झाडं सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या जोरावर सांगतो, आपल्याकडे सीताफळ लावा.

१. आधी थंडी बघा, मग फळ.
नेक्टरिन म्हणजे बिनलवेचं पीच. त्याच्या कळ्या हिवाळ्यात सुप्त असतात आणि साधारण ७ अंशांखालची थंडी पुरेसे तास मिळाल्याशिवाय नीट फुटत नाहीत. हिमाचल, काश्मीरकडच्या नेहमीच्या जातींना अशी थंडी शेकडो तास लागते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने मैदानी भागासाठी ‘पंजाब नेक्टरिन’ ही कमी थंडीची जात काढली, पण तिलाही पंजाबातला हिवाळा हवा. आपलं बुलढाणा अजिंठ्याच्या रांगेवर आहे, हवा गार आहे, तरी पारा ७ च्या खाली क्वचितच जातो. घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे, तर विचारायलाच नको. झाड जगलं तरी फळाची आशा धरू नये.

२. डोंगरावर आपोआप काय वाढतं ते पाहा.
बोथ्याच्या रस्त्याने खामगावकडे जाताना ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. त्या डोंगरउतारांवर सीताफळाची झुडपं आहेत. त्यांना कुणी पाणी घालत नाही की खत देत नाही. कोरड्या दिवसांत पानं गाळून ती तग धरतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. शिवाय शेळ्या-गुरं या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या परसासाठी हा गुण फार मोलाचा.

३. मुळाशी पाणी थांबता कामा नये.
घाटावरची हलकी, मुरमाड जमीन सीताफळाला मानवते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात भारी काळी माती आहे, काही गावं तर खारपाणपट्ट्यात येतात. तिथे खड्ड्यात लावण्यापेक्षा मुरूम मिसळून उंचवटा करावा आणि त्यावर रोप लावावं. घाटावर दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा. पहिले चांगले पाऊस झाले की शेणखत मिसळलेल्या मातीने भरून लावणी करावी.

४. कलमच घ्या.
बियांपासून रोप होतं, पण ते उगवायलाच महिनाभर किंवा जास्त लागतो आणि फळ आईच्या झाडासारखं येईल याची खात्री नसते. घरासाठी माझी पसंती ‘बाळानगर’ला. फळ मोठं, गर गोड आणि झाड काटक. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का सहान’ फार गोड, बिया कमी, फळ टिकतंही. मात्र तिला हाताने परागीकरण करावं लागतं, तेव्हा सकाळी वेळ देणाऱ्यानेच ती घ्यावी. जात कुठलीही असो, कलमाच्या जोडाखालून येणारे फुटवे दिसले की लगेच काढा. ते वाढले तर कलम मागे पडतं.

५. फुलं गळतात म्हणून घाबरू नका.
मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उन्हाळ्यात झाड फुलांनी लगडतं आणि बहुतेक फुलं गळून जातात. सीताफळाच्या फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतो आणि पराग नंतर सुटतात, त्यामुळे एकाच फुलाचे पराग त्याच फुलाला उपयोगी पडत नाहीत. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात. त्यातच मे महिन्याचा कोरडा वारा स्त्रीकेसर सुकवतो. पावसाळी दमटपणा आला की फळं धरू लागतात.
हाताने परागीकरण करायचं तर संध्याकाळी पाकळ्या उघडलेली फुलं तोडून कागदात ठेवा. सकाळी कागदावर पिवळट भुकटी सांडलेली दिसेल. ती मऊ कुंचल्यावर घ्या. झाडावर पाकळ्या नुकत्या टोकाशी विलग झालेली फुलं शोधा, दोन बोटांनी हलकेच फाकवा आणि कुंचला आत सगळीकडून फिरवा. एका बाजूलाच पराग लागले तर फळ वाकडं होतं, कारण सीताफळाचा प्रत्येक डोळा वेगळा फळतो.

६. मुंग्यांच्या मागे जा.
खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर पिठ्या ढेकूण आहे असं समजा. त्याच्या चिकट स्रावासाठी मुंग्या येतात आणि त्याला जपतात. खोडाला चिकट पट्टी गुंडाळा, किडलेली फळं तोडून नष्ट करा आणि सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

७. डोळे उघडल्याशिवाय तोडू नका.
बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या एका आजींनी माझ्या हातातलं फळ काढून घेतलं होतं. “डोये उघडले नाई, भाऊ. हे घरी नेलं त पिकत नाई, कायं पडते.” मग त्यांनी दुसरं फळ दिलं. त्याच्या डोळ्यांमधल्या फटी रुंदावून पिवळट-पांढऱ्या झाल्या होत्या. ते दोन दिवसांत छान पिकलं. परसातल्या झाडावरही हीच खूण बघावी. सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून एक दिवसाआड फेरी मारायची.
खाऊन झाल्यावर बिया लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. उवांसाठी त्या कुटून डोक्याला लावण्याची जुनी रीत आहे, ती मुळीच करू नये. ती भुकटी डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते. चुकून गेलीच, तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन तडक डॉक्टरकडे जावं.