व्यवस्थापन शिक्षणाचा अर्ज : मुदत आणि चालढकल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांपुढे एम.बी.ए.चे आज अनेक मार्ग खुले आहेत. साताऱ्याजवळ वर्ये येथे रयत शिक्षण संस्थेची कर्मवीर भाऊराव पाटील व्यवस्थापन अभ्यास व संशोधन संस्था आहे. अशा संस्थांतील प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या परीक्षेद्वारे व केंद्रीभूत फेऱ्यांतून होतात. सांगलीत भारती विद्यापीठाची व्यवस्थापन संस्था आहे. ती अभिमत विद्यापीठाचा घटक असल्याने तिचे वेळापत्रक निराळे असते. भारतीय व्यवस्थापन संस्थांकरिता ‘कॅट’ ही परीक्षा द्यावी लागते. तिची नोंदणी साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपते, म्हणजे गणेशोत्सवाच्या आगेमागे. राज्याच्या परीक्षेची नोंदणी अलीकडच्या वर्षांत हिवाळ्यात होते.

तारखा सर्वांना ठाऊक असतात. तरीही अखेरच्या रात्री सेवा केंद्रांवर गर्दी होते आणि काही अर्ज राहून जातात. याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे सोपे आहे. मानसशास्त्रातील संशोधन मात्र वेगळीच गोष्ट दाखविते. बुहलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले होते. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ दिवसांहून अधिक लागले. सर्व काही बिघडले तर किती दिवस लागतील, हेही विचारले होते. तो अंदाज सुमारे ४९ दिवसांचा होता आणि तोही तोकडा पडला. ही मुले आळशी नव्हती. कामातील अडचणी त्यांच्या हिशोबातच आलेल्या नव्हत्या. एरिअली आणि वर्टेनब्रॉक यांनी २००२ मध्ये दाखविले की, ज्यांनी स्वतःवर टप्प्याटप्प्याच्या मुदती घालून घेतल्या त्यांचे काम एकाच अंतिम मुदतीवर विसंबणाऱ्यांपेक्षा सरस झाले. मात्र समान अंतराच्या मुदती बाहेरून लावून दिल्या तेव्हा ते त्याहूनही चांगले झाले. शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी ही बाब आहे. ‘लवकर अर्ज कर’ हा उपदेश फारसा उपयोगी नाही. अमुक सोमवारी अमुक कागद दाखव, हे सांगणे उपयोगी आहे.

आपल्याकडे या अर्जाचे खरे काम संगणकावर नसून कागदपत्रांत आहे. राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याला जात प्रमाणपत्र आणि त्याच्या पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांना त्याशिवाय नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, आणि त्याला मुदत असते. केंद्रीय संस्थांसाठी नमुना वेगळा असतो व इतर मागास वर्गांची यादीही वेगळी असते, त्यामुळे राज्याचे प्रमाणपत्र तेथे चालेल असे गृहीत धरणे चुकीचे ठरते. वैधता प्रमाणपत्र वेळेत न मिळाल्यास विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो. जागा हातची जाते आणि शुल्काचा भार कुटुंबावर येतो. पावतीवर तात्पुरता प्रवेश देण्याची सवलत शासनाने अधूनमधून दिली आहे, पण ती त्या त्या वर्षापुरतीच असते.

पडताळणीसाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ पूर्वीचा, इतर मागास वर्गांसाठी १९६७ पूर्वीचा. तो बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात किंवा गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदीत सापडतो. सांगली जिल्ह्यात येथे एक गुंतागुंत आहे. हा जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. तासगाव, खानापूर, वाळवे हे तालुके त्यापूर्वी सातारा जिल्ह्यात होते; सांगली, मिरज, जत ही संस्थाने होती आणि आटपाडी औंध संस्थानात होती. साहजिकच पणजोबांच्या दाखल्यावर ‘जिल्हा सातारा’ असते, तर नातवाच्या दाखल्यावर ‘जिल्हा सांगली’. ही विसंगती नव्हे, हे अर्ज पाहणाऱ्याने जाणावे आणि विद्यार्थ्यानेही वंशावळीसोबत तसा खुलासा द्यावा. काही नोंदी मोडीत असतात. त्यांचे लिप्यंतर करून घेण्यास जाणकार शोधावा लागतो. हे काम चार दिवसांत उरकेल असे मानणाऱ्याचा हिशोब प्रबंधवाल्या विद्यार्थ्यांसारखाच चुकतो.

मागे मोजण्याची विद्या मात्र या भागाला नवी नाही. तासगावचा द्राक्ष बागायतदार माल कोणत्या महिन्यात काढावयाचा ते आधी ठरवितो आणि तेथून सुमारे चार महिने मागे येऊन छाटणी धरतो. छाटणी लांबली तर घडही लांबतात, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याच्याच मुलाने अर्जाच्या तारखेपासून मागे मोजून शाळेतील उताऱ्यासाठी कोणत्या महिन्यात जावे हे ठरविले, तर निम्मी धावपळ वाचेल. पदवीचे दुसरे वर्ष संपल्यावरची उन्हाळी सुटी यासाठी सर्वांत योग्य. एरवी ऊसतोडणी व सत्र परीक्षा एकदमच येतात.

कार्यालयांचीही यात जबाबदारी आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक दिवसांत देणे बंधनकारक आहे. मुदत टळल्यास प्रथम व द्वितीय अपिलाची तरतूद आहे आणि दोषी अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. त्यासाठी अर्जदाराजवळ दिनांकित पोचपावती असणे आवश्यक आहे. पुष्कळदा विद्यार्थी तोंडी चौकशी करून परततो आणि तीच चौकशी अर्ज म्हणून मनात धरतो. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांनी चौकशीला आलेल्या विद्यार्थ्याला अर्ज दाखल करूनच पाठवावे.

मुख्याध्यापकांनी जीर्ण झालेली जनरल रजिस्टरे नीट बांधून ठेवावीत, आणि उताऱ्याची मागणी आली की त्याच आठवड्यात तो द्यावा. ग्रामपंचायतीला १ मे व १५ ऑगस्ट या ग्रामसभा सोयीच्या आहेत. १ मे रोजी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींची यादी करून कोणाचे वैधता प्रमाणपत्र राहिले आहे ते विचारावे. १५ ऑगस्टला ‘कॅट’च्या नोंदणीच्या तारखा फलकावर लावाव्यात, आणि यादीतील ज्यांनी अद्याप अर्ज दाखल केलेला नाही, त्यांच्या घरी पंचायत सदस्याने जाऊन यावे.