गाडीचा एसी आणि ३६,४०० रुपयांचं कोटेशन : आकडा नको, आधी निदान विकत घ्या



आजचा धडा गाडीच्या एसीवर आहे. "सर, बिझनेसच्या चॅनलवर एसी कशाला?" असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. गाडी हे आपल्यापैकी अनेकांचं कमाईचं साधन आहे, आणि कोटेशन वाचता न आल्यामुळे जेवढा पैसा जातो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशात जातो.

माझा किस्सा

मी साताऱ्यात राहतो आणि बॅच घ्यायला सांगलीला जातो. एप्रिलमध्ये गाडीच्या एसीनं त्रास द्यायला सुरुवात केली. हायवेला गाडी पळत असली की गारेगार. तासवडे टोलनाक्याच्या रांगेत उभी राहिली की दोन मिनिटांत गरम वारा. रांग सुटली, गाडीनं वेग घेतला, की पुन्हा थंड.

पहिल्या ठिकाणी गाडी दाखवली. बॉनेट उघडलं, हात लावून पाहिलं आणि कागद हातात दिला : कॉम्प्रेसर २४,५००, कंडेन्सर ६,२००, गॅस आणि ऑइल २,०००, लेबर ३,७००. एकूण ३६,४०० रुपये. मी घाबरलो आणि दुसरीकडे गेलो. तिथे म्हणाले, "काही नाही, गॅस कमी झालाय." १,८०० रुपयांत गॅस भरला. मी खूश! पण पुढच्याच फेरीत टोलनाक्यावर पुन्हा तेच, उलट जरा जास्तच.

तिसऱ्यांदा सांगलीत फक्त एसीचंच काम करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये गेलो. त्या फिटरनं आधीच सांगितलं, "तपासायचे ५०० होतील सर. काम करा, न्हाईतर करू नका." त्यानं दोन्ही बाजूंना गेज लावले, गाडी जागेवर चालू ठेवली आणि काटा बघत बसला. दाब चढत गेला आणि कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. मग मला पुढे बोलावून म्हणाला, "ह्यो फॅन बघा. फिरतोय का?"

कंडेन्सरचा फॅन बंद होता. एवढंच. रेडिएटरचा दुसरा फॅन चालू असल्यामुळे इंजिन गरम होत नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या कामातली धूळ कंडेन्सरवर बसली होती ती वेगळीच. आणि आधीच्या ठिकाणी गॅस अंदाजानं जास्त भरल्यामुळे दाब आणखी वाढत होता.

तपासणी ५००, फॅन मोटर ३,२००, गॅस काढून व्हॅक्यूम मारून मापात पुन्हा भरणे १,६००, लेबर ४००. एकूण ५,७०० रुपये. कंडेन्सर पाण्यानं धुऊन दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता विचार करा. मी ३६,४०० भरले असते आणि फॅन तसाच राहिला असता, तर नवा कोरा कॉम्प्रेसर घेऊनही तासवडेच्या रांगेत मी घामच पुसत बसलो असतो.

मग स्वस्तातलं घ्यायचं का? नाही!

आमच्या सांगलीच्या बॅचमधले एक गाडीमालक आहेत. एकच टुरिस्ट गाडी, स्वतःच चालवतात. महाबळेश्वरचा उन्हाळी सीझन म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. त्यांचा एसी दर काही महिन्यांनी थंडावा सोडायचा. वर्षात तीन वेळा गॅस भरला. प्रत्येक वेळी १,८०० आणि एक दिवस गाडी उभी. दिवसाचे खर्च जाऊन हातात राहणारे त्यांचे साधारण १,५०० रुपये. गणित मांडा :

गॅस : ३ × १,८०० = ५,४००
बुडालेले दिवस : ३ × १,५०० = ४,५००
एकूण ९,९०० रुपये, आणि दुखणं तिथंच.

शेवटी नायट्रोजन भरून लीकेज टेस्ट केली तेव्हा डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत होती. डॅशबोर्ड खोलून कॉइल बदलायचे १४,८००. भिशीचे पैसे मोडायची वेळ आली, पण तो खर्च खरा होता. पहिल्याच वेळी केला असता तर ९,९०० वाचले असते.

म्हणजे माझ्या बाबतीत महाग कोटेशन चुकीचं होतं, त्यांच्या बाबतीत स्वस्त. चूक आकड्यात नव्हती. दोघांनीही निदान न करता उपाय विकत घेतला होता. हाच आजचा धडा.

मालकाला एवढं तरी माहीत हवं

एसीची यंत्रणा बंद पाइपलाइन आहे. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, पुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो आणि गॅसचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून दाब एकदम उतरतो, कूलिंग कॉइल थंड होते आणि ब्लोअर तिच्यावरून हवा आत ढकलतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो.

पेट्रोल जळतं, संपतं. हा गॅस जळत नाही. काही महिन्यांत कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. त्या फिटरच्याच शब्दांत : "गॅस खाल्ला जात न्हाई सर, गेला तर कुठनं गेला ते बघाय पाहिजे." गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं.

गॅरेजला जाण्याआधी लक्षण नीट लिहून घ्या :

- चालताना थंड, थांबल्यावर गरम : आधी कंडेन्सरचा फॅन, त्याचा फ्यूज-रिले आणि कंडेन्सरवरची धूळ बघायला सांगा.
- हवा थंड पण झोत कमी : केबिन फिल्टर किंवा ब्लोअर. फिल्टर बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, घरीही बघता येतो.
- झोत भरपूर पण थंडावा शून्य : कॉम्प्रेसरचा क्लच लागतोय का? फ्यूज, रिले, प्रेशर स्विच ही स्वस्त कारणं आधी.
- थंडावा हळूहळू उतरत गेला : गळतीची शक्यता मोठी. लीकेज टेस्ट हवीच.
- एसी लावला की घरघर, खडखड : इथे कॉम्प्रेसरवर संशय रास्त आहे.

कॉम्प्रेसर आतून खरंच घासला असेल आणि धातूचा चुरा पाइपमध्ये गेला असेल, तर लाइन साफ करणं, ड्रायर बदलणं हे सगळं करावंच लागतं. तिथे मोठं बिल दिसलं म्हणून समोरच्याला चोर समजू नका.

कोटेशन हातात आलं की पाच प्रश्न

१. बिघाड कशावरून ठरवला? गेजचं रीडिंग, गळतीची जागा, बंद पडलेला भाग मला दाखवा.
२. प्रत्येक पार्टची किंमत आणि लेबर वेगळं लिहून द्याल का? पार्ट कंपनीचा, दुसऱ्या बनावटीचा की दुरुस्त केलेला?
३. आकडा जीएसटी धरून की सोडून? २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवर १८ टक्के आहे, लेबरवरही १८ टक्के. एक कोटेशन करासकट आणि दुसरं कराविना असेल तर तुलनाच चुकते.
४. गॅस किती ग्रॅम भरणार? बहुतेक गाड्यांत बॉनेटखाली लेबलवर माप लिहिलेलं असतं. भरण्याआधी व्हॅक्यूम मारणार ना?
५. वॉरंटी किती, आणि काढलेला जुना पार्ट परत मिळेल का?

हे प्रश्न गुर्मीत विचारू नका. "दादा, मला जरा समजावून सांगा" म्हणा. चांगला मेकॅनिक आनंदानं सांगतो. जो चिडतो, त्यानं तुम्हाला उत्तर दिलेलंच आहे.

आणि तपासणीचे ५०० रुपये द्यायला कुरकुर करू नका. फुकट तपासणी करणाऱ्याला आपली कमाई पार्टमधूनच काढावी लागते.

पक्कं बिल घ्या

बिल आणि जॉब कार्ड जपून ठेवा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, साधारण दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

एक बारीक गोष्ट. व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणाऱ्याला सूट आहे. एक गाडी स्वतः चालवणारा आणि दहा गाड्या ड्रायव्हरवर चालवणारा, यांच्यात इथे फरक पडतो.

आता आरसा आपल्याकडे

मित्रांनो, तुम्ही फॅब्रिकेशन करत असाल, फर्निचर करत असाल, कुपवाडच्या एमआयडीसीत जॉबवर्क करत असाल. तुमचं कोटेशन ग्राहकाच्या हातात पडतं तेव्हा तोही माझ्यासारखाच घाबरलेला असतो. त्याला नुसता आकडा देता, की आकड्यामागचं कारण?

त्या सांगलीच्या फिटरकडे ना एसी वेटिंग रूम, ना कॉम्प्युटरचं बिल. त्यानं फक्त तपासणीची फी आधी सांगितली आणि बंद फॅन मला माझ्या डोळ्यांनी दाखवला. त्यानंतर मी त्याच्याकडे सात गाड्या पाठवल्या. जाहिरातीचा खर्च शून्य.

या आठवड्याचा गृहपाठ : तुम्ही दिलेली शेवटची तीन कोटेशनं काढा. ग्राहकाच्या जागी बसून वरचे पाच प्रश्न त्यांना विचारा. जिथे उत्तर सापडत नाही, तिथे एक ओळ वाढवा. आणि गाडीचा एसी मार्चमध्येच एकदा तपासून घ्या. मे महिन्यात सगळेच रांगेत असतात.

भेटूया पुढच्या धड्यात. धंदा वाढवा, हिशेब लिहा!