मापनाच्या माईकला मिक्सर घेताना

अकोला

चि. भाच्यास,


तेल्हाऱ्याच्या मंगल कार्यालयातला आवाज मोजायला तू मापनाचा माईक घेतलास, हे फार चांगलं केलंस. टिनाच्या छपराखाली आवाज घुमला की आपल्याकडे आधी व्हॉल्यूम वाढवतात, मग इक्वलायझरचे दांडे अंदाजाने वरखाली करतात. मागच्या रांगेला मंगलाष्टकं तरीही कळत नाहीत.

वारी हनुमानला भजनाला नेतोस ते माईक डायनॅमिक, त्यांना वेगळी वीज लागत नाही. हा मापनाचा माईक कंडेन्सर आहे. याला केबलमधूनच 48 व्होल्टचा फँटम वीजपुरवठा हवा, आणि तो मिक्सरच्या एक्सएलआर सॉकेटातूनच मिळतो. साध्या जॅकने जोडलास तर माईक मुकाच राहील.

खोक्यावर 48 छापलेलं असलं, तरी स्वस्त मिक्सरमध्ये तेवढे मिळतातच असं नाही. म्हणून खरेदीला येताना मल्टिमीटर खिशात घाल. मिक्सरला एक्सएलआर केबल लाव, माईक लावू नकोस, फँटमचं बटण दाब. केबलच्या मोकळ्या टोकाच्या भोकांजवळ बारीक 1, 2, 3 असे आकडे असतात. मीटरची काळी पिन 1 मध्ये, लाल आधी 2 मध्ये, मग 3 मध्ये घाल. दोन्हीकडे 44 ते 52 च्या मधला, जवळजवळ सारखा आकडा यायला हवा. एकीकडे काहीच आलं नाही तर केबल बदलून बघ. तरी तसंच असेल तर तो मिक्सर घेऊ नकोस, किती का स्वस्त असेना.

एको-रिव्हर्बचे जास्तीचे पैसे मोजू नकोस. मोजताना हाय, मिड, लो तिन्ही बरोबर मधे ठेव आणि लो-कट बंद कर. लो-कट चालू राहिला तर 80-100 हर्ट्झच्या खालचा आवाज मिक्सरच कापतो. तू मात्र सबवूफर कमजोर समजून त्याला चढवत बसशील. कंप्रेसर असेल तर तोही बंद.

यूएसबीचा मिक्सर घेणार असशील तर एक नक्की तपास: लॅपटॉपमधून गेलेला आवाज फिरून लॅपटॉपमध्येच रेकॉर्ड होतो का? होत असेल आणि तो रस्ता तोडायची सोय नसेल, तर मोजमाप फुकट. मिक्सर भजनालाही वापरणार नसशील, तर सरळ 48 व्होल्टवाला ऑडिओ इंटरफेस घे. माझं मत तिकडेच झुकतं.

मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. माईकच्या नंबराची कॅलिब्रेशन फाइल मिळाली असेल तर ती त्यात भर. मात्र त्यातला डेसिबलचा आकडा, 94 डेसिबलच्या कॅलिब्रेटरने जुळवल्याशिवाय, कुणाला दाखवू नकोस. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 ची मर्यादा आहे. तिथे तुझा आलेख पुरावा म्हणून चालायचा नाही.

फँटम चालू-बंद करताना आधी ॲम्प्लिफायर बंद ठेव, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो. पक्कं बिल घे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा