नवं मानक येण्याआधी शेडमध्ये फिरा

भोसरी एमआयडीसीत आमचा निकेल-क्रोम प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. वाहन उद्योगातल्या मोठ्या गिऱ्हाइकांचं काम हवं, तर ते आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र मागतात. मानकाची २०१५ ची आवृत्ती आली तेव्हा जुन्या, २००४ च्या प्रमाणपत्रवाल्यांना सप्टेंबर २०१८ पर्यंत मुदत होती. त्या धांदलीत एका सल्लागाराने आम्हाला जाडजूड फाइल करून दिली. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांच्या यादीत बॉयलरचा धूर अगदी वरच्या क्रमांकावर. आमच्याकडे बॉयलरच नाही! यादी दुसऱ्याच कुणाच्या कारखान्याची होती.

ऑडिटर आले ते फाइल बाजूला ठेवून थेट क्रोमच्या टाकीपाशी गेले. तिथल्या कामगाराला विचारलं, "हे पाणी कुठं जातं?"

"धुण्याचं पाणी शुद्धीकरणाला ईटीपीत जातं, साहेब. पण जॉब टाकीतून काढून धुवायला नेताना खाली ठिबकतं. पावसाळ्यात मागच्या दारातून पाणी आत शिरलं, की हे सगळं पावसाच्या गटारात."

फरशीवरचा पिवळा पट्टा त्याने बुटाच्या टोकाने दाखवला. तो पिवळेपणा हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा. कर्करोगाला कारण ठरणारं रसायन. फाइलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाची पूर्तता नसल्याचा शेरा, लागली, प्रमाणपत्र लांबलं आणि गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाचे फोन सुरू झाले.

म्हणून मानक बदलतंय असं कळलं, की पहिलं काम शेडमध्ये फिरण्याचं. माल आत येतो तिथपासून जॉब बाहेर पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर काय आत जातं, काय बाहेर पडतं, ते तिथं काम करणाऱ्याला विचारून लिहा. रोजच्या कामाबरोबर वीज गेली, पंप बंद पडला, ॲसिडचा कॅन फुटला तर काय होईल, तेही लिहा. आमच्याकडे या फेरीतून टाक्यांच्या मधे तिरके ट्रे आले आणि जॉब टाकीवर निथळू द्यायची शिस्त आली. ठिबकणारं द्रावण पुन्हा टाकीत जाऊ लागलं आणि केमिकलचा खर्चही उतरला.

दुसरं काम कायद्याच्या यादीचं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत आणि त्यातली प्रत्येक अट. ईटीपीचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. पाठवताना वाहतुकीचा फॉर्म १०, वार्षिक विवरणाचा फॉर्म ४ ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत. या तारखा कपाटात नकोत, ऑफिसच्या भिंतीवर हव्यात. आयएसओचं प्रमाणपत्र म्हणजे मंडळाची संमती नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, हवामान. मानकाच्या २०२४ च्या दुरुस्तीने हवामानबदल आपल्या व्यवसायाला लागू पडतो का, हे ठरवणं बंधनकारक केलं. इथं हिमनद्यांवर निबंध लिहू नका. ढगफुटीसारखा पाऊस झाला तर गाळाची पोती कोरडी राहतील का, उन्हाळ्यात टँकर आला नाही तर धुण्याला पाणी कुठलं, गिऱ्हाईक कार्बनचे आकडे मागतंय का, एवढं प्रामाणिकपणे लिहिलं तरी भक्कम सुरुवात होते. उत्पादनाच्या जीवनचक्राचंही तसंच: मानक सविस्तर अभ्यास मागत नाही. रसायन कुठून येतं, रिकामे ड्रम कोण नेतं, पॅकिंग परत घेता येतं का, याचा विचार झालेला दिसायला हवा.

सल्लागार जरूर घ्या, पण त्याला शेडमध्ये न्या आणि यादी तुमच्या माणसांकडून लिहून घ्या. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला एनएबीसीबीची, म्हणजे अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, ते तपासा. आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. बाहेरचा ऑडिटर यायच्या आधी अंतर्गत ऑडिट पुरं करा आणि आढावा बैठकीला मालकाने स्वतः बसावं. २००४ च्या आवृत्तीत व्यवस्थापन प्रतिनिधी नेमावा लागे. २०१५ पासून तशी सक्ती उरली नाही आणि उत्तरदायित्व थेट वरिष्ठांवर आलं. ऑडिटर प्रश्न मालकालाच विचारणार, आणि उत्तर शेडमधल्या माणसाच्या उत्तराशी जुळायला हवं.