टिपेचा हिशेब

एडिसन, न्यू जर्सी

चि. ईशास,

टॅटू काढायचं ठरवलंस, त्यावर माझं काही म्हणणं नाही. तू टिपेचं विचारलंस, तेवढंच सांगते. इथे अमेरिकेत 15 ते 25 टक्के देण्याची रीत आहे. तू 20 धरून चाल.

‘दर ठरलाय, मग वर आणखी कशाला?’ असं आपल्या मनात येतंच. पण त्या दरातला मोठा वाटा, कित्येकदा निम्मा, दुकानाकडे जातो. तुझ्यासाठी घरी बसून चित्र रेखाटण्यात गेलेले तास तर बहुधा बिलात नसतातच.

माझी फजिती ऐक. पन्नाशीत मी दंडावर जाईची वेल काढून घेतली. ठरले होते 400 डॉलर, त्यातले 100 डिपॉझिट म्हणून आधीच दिलेले. उरलेल्या 300 वर हिशेब करून 60 डॉलर टिप दिली आणि ऐटीत घरी आले. रात्री ट्यूब पेटली: डिपॉझिटही कामाच्याच किमतीतलं, म्हणजे टिप 80 हवी होती. दुसऱ्या दिवशी जाऊन 20 डॉलर देऊन आले.

शक्यतो रोख दे. काम दोन-तीन बैठकांचं असेल तर दर वेळी दे. नंतरचं टच-अप फुकट असलं तरी थोडं काही हातावर ठेव. घासाघीस मात्र करू नकोस. जवळ 300 डॉलरच असतील तर टॅटू 250 चा ठरव, 50 टिपेला ठेव. नक्षी खटकली तर स्टेन्सिल उमटल्यावर, सुई लागण्याआधीच बोल. नंतर टिप कापून राग काढू नये.

तुझ्या पणजीच्या कपाळावर आणि हातांवर गोंदण होतं. मेल्यावर अंगावरचं सोनं इथेच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं ती म्हणायची. घरात चणचण असली तरी गोंदणारणीला सुपातून धान्य दिल्याशिवाय तिने कधी पाठवलं नाही. आपल्या घरची रीत ती, तूही तीच पाळ.

टिपेच्या नोटा आधीच वेगळ्या काढून ठेव. फोटो आधी मला पाठव. तुझ्या आईला कसं सांगायचं ते मी बघते.

तुझी,
मावशी